नावाची कमान आणि पाण्याचा टँकर

श्रोते हो, प्रारंभीच एक प्रश्न आपल्या पुढ्यात ठेवतो. मनुष्य दान करतो. उत्तम करतो! परंतु त्या दानावरचे नाव जर कोणाच्याही दृष्टीस पडले नाही, तर ते दान झाले, की वाया गेले? उत्तराची घाई नको. जरा वर पाहा! हा आपल्या मंदिराचा पंखा. पात्यापात्यावर लिहिले आहे, अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. एका गावी मी निरूपणास उभा राहिलो. वैशाख मास, अंगातून घामाच्या धारा — आणि दात्याचे चिरंजीव उठून पंख्याचे बटण बंद करतात! म्हटले, ‘‘का हो, काय झाले?’’ तर म्हणतात, ‘‘महाराज, फिरताना नाव वाचता येत नाही!’’

हसलात? हसा, हसा! हसताना आपापल्या दानाचे स्मरण मात्र असू द्या.

आता आख्यान ऐका. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी गुरांचे डॉक्टर घडविणारे एक महाविद्यालय आहे. शासनाचे आहे, अर्थात, तुमचे-आमचे आहे. धनगराचे, शेतमजुराचे, पोस्टमनचे लेकरू तेथे नाममात्र शुल्कात शिकते आणि गळ्यात ती नळी अडकवून डॉक्टर होऊन बाहेर पडते. पुढे मोठे होते, बंगला बांधते. आणि मायबाप, ज्या दारातून ते बाहेर पडले, त्या दाराकडे पुनश्च वळून पाहते काय? क्वचित! अतिक्वचित!

त्या महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या डॉ. सुमित्रा वाघचौरे. बाई मोठी करारी, वाणी मात्र मधुर. त्यांच्यापुढे एक संकट उभे राहिले. मुलींच्या वसतिगृहाचा नळ जमिनीत गंजून गेला. विहिरीला पाणी उदंड — परंतु विहीर राहिली आवाराच्या त्या टोकाला, नाल्यापलीकडे, आणि लेकी राहिल्या या टोकाला! शासनाकडे फाईल गेलेली. ती फाईल तेथे यथास्थित विश्रांती घेत होती. तोवर रोज सकाळी टँकर यायचा, टाकी भरायचा. वरिष्ठांनी बजावले होते, ‘‘ज्या दिवशी टाकी कोरडी, त्या दिवशी वसतिगृहाला कुलूप. मुलींना घरी धाडा. रोगराई झाली तर उत्तर कोण देणार?’’

आणि त्या वसतिगृहात होती वैजयंता मेटकरी. मेंढपाळाची लेक. तिचा बाप बिरू मेटकरी काही दुष्ट नव्हे हो! परंतु गावाने त्याचे कान भरलेले. त्याने फोनवर स्पष्ट सांगितले होते, ‘‘वैजे, वसतिगृह हाय तवर शीक. त्याला कुलूप लागलं, की बिस्तरा बांधायचा आन सरळ घरी. बाहेर खोली करून राहायचं नाव काढायचं नाही. पाव्हणे बघून जातील.’’ आले का ध्यानात? टाकीतले पाणी संपले, की त्या लेकीचे शिक्षण संपले!

म्हणून प्राचार्याबाईंनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा बोलावला. झाडून सारे आले! कोणाचे पोट सुटलेले, कोणाच्या डोईवरचे केस गेलेले. एकमेकांस ‘‘अरे रेड्या,’’ ‘‘अरे बोकडा’’ म्हणून कडकडून भेटतात. गुरांचेच डॉक्टर ते — त्यांच्या प्रेमाची भाषा दुसरी काय असणार?

बाईंनी हात जोडले. ‘‘आपल्या संस्थेला नळ हवा आहे. विहिरीपासून वसतिगृहापर्यंत. जमिनीखालून.’’

जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला! जमिनीखालून? मग एक जण उठला, म्हणाला, ‘‘मॅडम, मी भिंतीवरचे घड्याळ देतो, वडिलांच्या नावे.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मीही घड्याळच आणले आहे.’’ तिसऱ्याच्या पिशवीतही घड्याळ! बाई म्हणाल्या, ‘‘वेळ उदंड झाली हो, पाणी द्या!’’

तेव्हा उठले डॉ. भगवंतराव टकले. कोंबड्यांच्या व्यवसायात अफाट वैभव मिळविलेले. अंतःकरणाचा मनुष्य थोर, यात शंका नाही. म्हणाले, ‘‘मी प्रवेशद्वारावर कमान बांधून देतो! माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाची!’’

‘‘भगवंतराव, नळ—’’

‘‘मॅडम, नळ पुरल्यावर नाव कुठे लिहायचे?’’

त्यांचा वसतिगृहातला जुना सोबती, डॉ. इब्राहिम शेख, मागून ओरडला, ‘‘भगवंता, तू अंड्यांवरही नाव छापतोस का रे?’’

‘‘तू गप बस, इब्र्या! तू काय देतोस ते सांग!’’

‘‘मी टाळ्या देतो!’’

श्रोते हो, बाईंनी कमान स्वीकारली. काय करतील? देणाऱ्याचा हात आखडला जाऊ नये, म्हणून कित्येकदा घेणाऱ्याला नको ती वस्तूही हसून घ्यावी लागते. किंबहुना, पाहुण्याने आणलेली मिठाई आपण तशीच पुढच्या घरी पोचवितो, त्यातलाच प्रकार! परंतु कमान काही पुढच्या घरी देता येत नाही.

काम सुरू झाले. गुत्तेदाराने अक्षरे आखली. भगवंतराव रस्त्याच्या पलीकडे उभे राहून म्हणतात, ‘‘बारीक दिसतात. एस.टी.तून जाणाऱ्याला वाचता आले पाहिजे!’’ अक्षरे वाढविली. ‘‘अजून मोठी!’’ गुत्तेदार म्हणाला, ‘‘साहेब, वरून विजेची तार गेलीय. वर जागा नाही.’’

‘‘मग खाली घ्या!’’

घेतली खाली! नाव मोठे झाले, पट्टी रुंद झाली, आणि कमानीची उंची तेवढीच कमी झाली. हे कोणाच्या लक्षात आले? कोणाच्याही नाही! सारे जण नाव वाचत होते. नावाखाली किती मोकळे उरले, ते कोण पाहतो?

आदल्या रात्री पट्टी बसली, आणि उद्घाटनाचा दिवस उजाडला. मंडप, सनई, रांगोळी. भगवंतराव आपल्या वृद्ध मातोश्री द्वारकाबाई यांना मोटारीतून घेऊन आले. मंडपाच्या खटपटीत टँकरवाल्याला यायला उशीर झालेला. वसतिगृहातली टाकी सकाळीच कोरडी पडलेली. शेवटी तो आला. कर्णा वाजवीत आला, कमानीखाली शिरला — आणि खाड्! टँकरवरचे झाकण नावाच्या पट्टीला जाऊन भिडले.

मागे घ्या! पुढे घ्या! मागच्या बाजूने आणा! मागे तर नाला. दुसरी वाट नाही. एक शहाणा म्हणाला, ‘‘चाकांची हवा काढा!’’ काढली. टँकर खाली बसला, अर्धा आत गेला, आणि मधोमध असा घट्ट अडकला, की आता पुढेही जाईना आणि मागेही येईना! माजी विद्यार्थी बाहेर, प्रमुख पाहुणे बाहेर, सनईवाला बाहेर. टँकरवाला खाली उतरून म्हणतो, ‘‘डाक्टर सायेब, म्हशीचं आडवं आलेलं वासरू तुम्ही सोडवता, हेला सोडवा की!’’

हसू नका आता! त्या गर्दीत प्राचार्याबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत टाकीत पाणी पडले नाही, तर स्वहस्ते कुलूप लावणे भाग होते. स्वागताचे तबक घेऊन वैजयंता उभी होती. ती भगवंतरावांना म्हणाली, ‘‘काका, कमान फार सुंदर झाली आहे. उद्या आम्ही सगळ्या हिच्याखालूनच बिस्तरा घेऊन घरी जाणार आहोत.’’

‘‘घरी? का गं?’’

तिने सारे सांगितले. टाकी, कुलूप, बाप, पाव्हणे. भगवंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी वर पाहिले. केवढी अक्षरे! वडिलांचे नाव! ते फोडायचे? पुत्राच्या हस्ते? मायबाप, तुम्ही असता तर काय केले असते? खरे सांगा! आपल्या बापाच्या नावावर घण घातला असता?

तेव्हा मोटारीची काच खाली झाली, आणि द्वारकाबाई म्हणाल्या, ‘‘भगवंता, काय झालं रं? समदे का थांबलेत?’’

‘‘आई, अण्णांच्या नावाला टँकर अडकलाय.’’

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिले, आणि श्रोते हो, ती खुदकन हसली! म्हणाली, ‘‘अरं, तुझा बाप उभ्या जन्मात कुनाच्या वाटंत आला न्हाई! घर आपलं एवढंसं. उंबऱ्यात बसलेला असायचा. कुनी आलं की आंग चोरून सरकायचा, म्हनायचा, ‘या, आत या.’ आन तू त्येलाच दारात आडवा घातलास व्हय? सरकव त्येला!’’

काय वाणी आहे! ‘‘सरकव त्येला!’’ माझ्यासारखा मनुष्य इतकी वर्षे टाळ कुटतो, परंतु इतके नेमके त्याच्या मुखातून निघत नाही.

भगवंतरावांनी डोळे पुसले. अंगातला कोट काढून इब्राहिमच्या हाती दिला. ‘‘गुत्तेदार! घण आणा!’’ पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. दुसरा इब्राहिमने. मग सारे डॉक्टर धावले! पट्टी निघाली, टँकर मोकळा झाला. चाकांत हवा भरली, आणि टँकर आत गेला. पोरींनी असा जल्लोष केला, की काय सांगू! सनईवाल्याने आपण होऊन वाजवायला घेतले. उद्घाटन झाले हो! पाहुण्यांनी फीत कापण्यापूर्वीच झाले!

त्याच मंडपात भगवंतराव उठले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, नळ माझ्याकडून.’’ इब्राहिम म्हणाला, ‘‘निम्मा माझ्याकडून. आता टाळ्या तू दे!’’ घड्याळवालेही पुढे सरसावले. बाईंनी कागद-लेखणी घेतली. ‘‘नाव कुठे घालू, भगवंतराव?’’

‘‘नाव राहू द्या. पाणी आले, की मला तेवढे कळवा.’’

चर खणला गेला, नळ पुरला गेला, वर माती पडली. आता तेथे गवत उगवले आहे. एके दिवशी दुपारी भगवंतरावांचा फोन वाजला. वैजयंता! ‘‘काका, बोलू नका. नुसते ऐका.’’ आणि तिने फोन तोटीपाशी धरला. बादलीत धार पडत होती — धो धो! भगवंतराव कोंबड्यांच्या कलकलाटात एका कानात बोट घालून उभे, आणि दुसऱ्या कानाने ऐकताहेत. बादली भरली, पाणी वाहू लागले, तरी फोन ठेवीनात. शेवटी पोरगीच म्हणाली, ‘‘काका, आता तोटी बंद करू का? पाणी वाया चाललंय!’’

दान झाले की नाही? सांगा! नाव कोणाच्या दृष्टीस पडले? कोणाच्याही नाही. परंतु देणाऱ्याच्या कानात ते दान असे पोचले, की त्याला अन्य पावती नको झाली.

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका! या सभेत सरकारी शाळेत, सरकारी महाविद्यालयात न शिकलेला कोण आहे? हात वर करा. एकही नाही! म्हणजे तुमच्या-माझ्या शिक्षणाचा भार कोणा अनोळखी माणसांनी उचलला. त्यांची नावे आपणास ठाऊक आहेत काय? त्यांनी कधी तुमची-माझी नावे विचारली काय? तस्मात्, त्या दारातून एकदा आत जा. गुरुजींना पुसा, ‘‘येथे काय अडले आहे?’’ उत्तर मोठे साधे येईल. गटाराचे झाकण म्हणतील, मुलींच्या शौचालयाची कडी म्हणतील. नाक मुरडू नका. तेच द्या, आणि दारातून बाजूला सरका.

टाळ उचला, गजर करू. परंतु त्याआधी, पहिल्या रांगेतले पाहुणे, तुम्हीच सांगा — मोठ्याने सांगा, सर्वांना ऐकू द्या — तुमची शाळा कोणती?