गप्प बसलेल्याला विचारायचं

नाही नाही, बस तू, सरकू नकोस — मला एवढी जागा पुरे. आतल्या पाच जणांचं आटोपलं की आपलाच गट. तूही त्यातलाच ना? मग झालं तर. टाय जरा सैल कर, चेहरा लाल झालाय तुझा. गंमत बघ, याच विद्यापीठात दोन वर्षं खातोय-पितोय-झोपतोय, आणि बिझनेस स्कूलमध्ये शिरायला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत — ओसरीवर राहू देतात, माजघरात नाही. पहिल्यांदाच आलायस? मी दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा येऊ देत नाहीत. म्हणजे आज नाही झालं तर नाहीच.

ऐक, तुला सांगून ठेवतो. आत धंद्याचं एक कोडं देतात, पाच जणांनी मिळून सोडवायचं, आणि भिंतीला टेकून तिघं नुसती बघत बसतात. उत्तराला कोण विचारतो? दुसऱ्याला कोण बोलू देतो, ते बघतात. म्हणून सगळे पढून आलेले असतात — गप्प कोण आहे ते हेरायचं आणि गोड हसून विचारायचं, ‘तुला काय वाटतं?’ गेल्या खेपेला तो गप्प मीच होतो. चौघं तुटून पडले माझ्यावर — ‘ट्रेव्हर, तू बोल’, ‘ट्रेव्हरचं ऐकू या’ — पंगतीत जावयाला आग्रह करतात तसं. गप्प का होतो? कोडंच तसं होतं. छोट्या गावातला वॉशिंग मशीनचा कारखाना, तोट्यातला — चालू ठेवायचा की बंद करायचा? माझे बाबा अशाच कारखान्यात, मी जन्मायच्या आधीपासून — दारं बसवतात ते, मशीनची गोल दारं. आणि मी काय म्हणालो? ‘बंद करा.’ आवाज कसा खणखणीत लागला होता. भिंतीजवळची बाई मान हलवत काहीतरी लिहीत होती, मला वाटलं, झालं काम. कुठलं काय.

घरी कळवलं नाही. म्हणजे — कळवलं, प्रवेश झाला म्हणून. आईनं फोनवर विचारलं आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं. मग काय, तिनं गाडीच्या मागच्या काचेवर बिझनेस स्कूलचं स्टिकर लावलं, चर्चच्या जेवणावळीत मला उभं करून लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी इथल्या नावाची टोपी मागवली. तू हसत नाहीयेस, बरं आहे. आणि उन्हाळ्यात बाबांचा कारखाना बंद झाला. खरोखरचा. माझ्यामुळे नाही, कळतं मला, मी काय मालक आहे? पण परवा थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी गेलो, तर बाबा तीच टोपी घालून जेवायला बसलेले. मला म्हणतात, ‘तुम्हाला तिथं हेच शिकवतात ना रे? मग सांग, तू असतास तर कसा वाचवला असतास?’ टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. म्हटलं, तो धडा अजून व्हायचाय. तर म्हणाले, बरं, झाला की सांग.

म्हणून आज मिळालंच पाहिजे. मिळालं की खोटं आपोआप खरं होतं, कुणाला पत्ता लागत नाही. तर असं कर — आत तू जरा वेळ गप्पच राहा, आत्ता आहेस तसा. मी विचारीन तुला. तुझंही भलं, माझंही. नाव काय म्हणालास? नाही, तू म्हणालाच नाहीस, मीच कधीचा बोलतोय. राहू दे, छातीवर चिकटवतात नाव, दिसेल मला — दार उघडलं बघ.

आणि थांब, एक राहिलं. आत कोड्यात कारखाना निघाला ना, कुठलाही असो — तर मला विचारू नकोस. बाकी कुणालाही विचार. मला नको. चल, हो पुढे.