पडणाऱ्या माणसांचं प्रकरण

लेखक : पुस्तक उलटं धरायचं म्हणजे?

फ्रेमवाला : म्हणजे उलटं, सर. खालची बाजू वर. तुमचंच पुस्तक आहे, तुम्हीच धरा. माझे हात सरसाने बरबटलेत.

लेखक : मिस्त्री, मी तासभर प्रवास करून आलोय. फोनवर म्हणालात, शेवटच्या चित्राबद्दल महत्त्वाचं सांगायचंय, दुसरी आवृत्ती छापायला जायच्या आत या. मला वाटलं एखादं पत्र सापडलं असेल, वही सापडली असेल.

फ्रेमवाला : पत्र नाही, बाण सापडलाय. सांगतो. आधी ते मुखपृष्ठ फिरवा.

लेखक : हं. फिरवलं.

फ्रेमवाला : काय दिसतंय?

लेखक : माझं नाव उलटं दिसतंय.

फ्रेमवाला : नाव राहू द्या हो. चित्र बघा.

लेखक : तीच दोन माणसं. एक मोठं, करडं. एक लहान, मोहरीच्या रंगाचं. वरचं काळं आकाश आता खाली आलंय. आणि... तुम्ही नेमकं काय म्हणताय?

फ्रेमवाला : ते आकाश नाहीच. ती जमीन आहे. आणि ती माणसंही नाहीत. ते दोन कोट आहेत. दाराशेजारच्या खुंट्यांवर टांगलेले.

लेखक : थट्टा करताय माझी.

फ्रेमवाला : या वयात थट्टा करायला तुम्हाला कशाला बोलावू? शेजारी पानवाला आहे त्यासाठी. सर, मी चित्राला टांगायच्या कड्या उलट्या बाजूने लावल्या. सहा वर्षांपूर्वी. ते तसंच प्रदर्शनात लागलं, तसाच त्याचा फोटो निघाला, आणि त्या फोटोवर तुम्ही चौदा पानं लिहिलीत.

लेखक : सतरा.

फ्रेमवाला : सतरा असतील. मी दोनदा वाचली. फार छान लिहिलंय, म्हणून तर जास्त लाज वाटते.

लेखक : पण तुम्हाला कशावरून कळलं? चित्रावर सही नाही, नाव नाही, तारीख नाही.

फ्रेमवाला : सही पेंटर मागच्या लाकडावर करायचा. त्याच्या चित्रांच्या चौकटी एकोणीस वर्षं मीच ठोकल्या. काम सुरू करायच्या आधी तो लाकडावर पेन्सिलीने बाण काढायचा. बाकीचे चित्रकार बाण वर दाखवतात, हा जमिनीकडे दाखवायचा. म्हणायचा, ‘वर काय येणार ते मला माहीत नसतं. जमीन कुठे आहे एवढं माहीत असलं की बास.’

लेखक : हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. दोन दिवस मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो होतो.

फ्रेमवाला : तुम्ही त्याला त्याचे विचार विचारलेत, सर. वही बघितली की तो घाबरायचा. असलं काही तो चौकट हातात असतानाच बोलायचा.

लेखक : मग हा बाण तुम्ही बघितला कसा नाही? एकोणीस वर्षं बघत होतात ना?

फ्रेमवाला : तेच तर. तो गेला, आणि आठवड्यात तेरा चित्रं दुकानात आली. स्मृतिप्रदर्शन होतं, सगळ्यांना घाई. मी आधी सगळ्यांच्या पाठीला पुठ्ठा ठोकला, कड्या नंतर. एरवी असं करत नाही. पुठ्ठ्याखाली बाण झाकला गेला. मग हे शेवटचं चित्र समोर धरलं आणि नजरेनेच ठरवलं, काळा पट्टा आहे, म्हणजे आभाळ असणार, वर घेऊ. पुठ्ठा उचकटून बघायला दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटांचा कंटाळा केला मी.

लेखक : आणि कळलं कधी?

फ्रेमवाला : चार वर्षांपूर्वी. पेंटरच्या पोरीच्या घरात भिंतीला ओल आली, चित्र माझ्याकडे आलं. पुठ्ठा काढला आणि बाण समोर. चित्र फिरवलं तर पेंटरच्या घरातल्या दोन खुंट्या. मीसुद्धा कित्येकदा माझी टोपी तिथे अडकवलीय. आणि मी काय केलं असेल?

लेखक : गप्प बसलात.

फ्रेमवाला : नवा पुठ्ठा ठोकला. तोपर्यंत तुमचं पुस्तक आलं होतं, मुखपृष्ठावर हेच चित्र होतं, लोक तुम्हाला भाषणाला बोलवत होते. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं बघतायत आणि कुणाची तक्रार नाही, मग आपण कोण?

लेखक : मिस्त्री, त्या चित्रात रंगाचे ओघळ आहेत.

फ्रेमवाला : आहेत की.

लेखक : वर जाणारे. मला ते दिसले होते. मी कलादालनात फोन करून विचारलं, चित्र नीट टांगलंय ना? ते म्हणाले, आलं तसं टांगलंय. मग मी एक परिच्छेद लिहिला. थांबा, वाचतो. ‘इथे रंगालाही खाली यायचं नाही. तो वर चढतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध रंगाने केलेली ही तक्रार आहे.’

फ्रेमवाला : रंग पातळ झाला की खाली ओघळतो, सर. त्याची तक्रारबिक्रार काही नसते.

लेखक : मूळ चित्र मी प्रदर्शनात पाच मिनिटं बघितलं, गर्दीत. सगळं लिखाण फोटोवरून केलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फ्रेमवाला : आज सांगायचाच दिवस दिसतोय.

लेखक : पण असं बघा. चित्र आधुनिक आहे. बघणाऱ्याला जे दिसतं तोही एक अर्थच असतो. पाच वर्षं लोक त्या चित्रात पडणारी माणसं बघतायत, त्यांना ती भिडलीयत. आता ते अनुभव खोटे ठरवायचे का? दुसरी आवृत्ती आहे तशी जाऊ दिली तर कुणाचं काय...

फ्रेमवाला : चार वर्षं मीही स्वतःला हेच सांगतोय, सर. तुमच्याइतक्या चांगल्या शब्दांत नाही, एवढंच.

लेखक : मग आजच का बोलावलंत?

फ्रेमवाला : पेंटरची मुलगी परवा हे चित्र ठेवून गेली. संग्रहालयाला देऊन टाकतेय. मी विचारलं, बापाचं शेवटचं चित्र कशाला देतेस? म्हणाली, ‘काका, मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. बघवत नाही. पुस्तकात लिहिलंय ना, मी घर सोडलं त्या आठवड्यात बाबांनी ते काढलं. ती लहान पडणारी मीच आहे, आणि माझ्यामागून पडतायत ते बाबा.’ हे ऐकलं आणि तुम्हाला फोन लावला. चारला येतेय ती.

लेखक : आज?

फ्रेमवाला : पावणेचार झालेत. मला एकट्याला सांगता येईना, म्हणून तुम्हाला बोलावलं. खरं तेच सांगतो.

लेखक : मी जातो. तुम्ही सांगा, मी तिला सविस्तर पत्र लिहितो.

फ्रेमवाला : तुम्ही पत्र फारच छान लिहाल. म्हणूनच बसा.

लेखक : तुम्हाला कळत नाहीये. बापलेकीच्या भांडणाचं तिनेच मला सांगितलं होतं, विश्वासाने. जाताना ती बापाला काय म्हणाली तेसुद्धा. ‘तुम्हाला घरात माणसं नकोत, समोर बसायला मॉडेलं हवीत.’ मी ते छापलं. नाव न घालता, पण छापलं. या चित्रावरच्या सातव्या प्रकरणात जीव नव्हता, तिच्या वाक्याने आला. प्रत पाठवल्यावर तिचा फोन आला. एवढंच विचारलं, ‘हे खरंच असं आहे का हो?’

फ्रेमवाला : मग?

लेखक : मी म्हणालो, चित्र खोटं बोलत नाही.

फ्रेमवाला : अरे देवा.

लेखक : अगदी शांतपणे म्हणालो. तिला धीर देतोय असं वाटत होतं मला.

फ्रेमवाला : ती बघा, रस्ता ओलांडतेय. उठू नका आता. ये पोरी, ये. त्या स्टुलावर बस, खिळे बघून बस.

मुलगी : बसत नाही, काका. पॅक झालं का? उद्या सकाळी संग्रहालयाची गाडी येईल. अरे, तुम्ही इथे?

लेखक : नमस्कार. मी... मिस्त्रींनी बोलावलं होतं.

मुलगी : मुखपृष्ठासाठी नवा फोटो काढायचा असेल तर आजच काढा. उद्या चित्र माझ्याकडे नसेल.

फ्रेमवाला : पॅक नाही केलं. पोरी, मी एकदाच बोलेन, मधे थांबवू नकोस, नाहीतर मला पुन्हा सुरू करता येणार नाही. तुझ्या बाबांचं चित्र मी उलटं टांगलं. आळस केला, बाण बघितला नाही. चार वर्षांपूर्वी ते ओल लागून आलं तेव्हा मला कळलं, आणि मी तुला सांगितलं नाही. त्यात कुणीही पडत नाहीये. झालं.

मुलगी : चार वर्षं?

फ्रेमवाला : हो.

मुलगी : मधे मी किती वेळा आले इथे. तुम्ही चहा मागवायचात, बिस्किटं मागवायचात. मी या चित्राबद्दल बोलायचे, आणि तुम्ही मान डोलवत ऐकायचात.

फ्रेमवाला : हो. तोंड वर करून तुझ्याकडे बघवत नाहीये आत्ता.

मुलगी : आणि तुम्हाला?

लेखक : मला आज कळलं. पण त्याने माझी सुटका होत नाही. शंका मला तेव्हाच आली होती. ओघळ उलटे जात होते. मी शंकेवर एक सुंदर परिच्छेद रचला आणि पुढे गेलो. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा...

मुलगी : चित्र खोटं बोलत नाही, म्हणालात.

लेखक : हो.

मुलगी : मी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. कुणी म्हणालं, तुझा काय दोष, तर त्यांना ते ऐकवायचे. खरं सांगू? मला ते थोडं आवडायचंही. बापाला माझं जाणं एवढं लागलं, असं कुणीतरी छापून दिलं होतं. कसली मुलगी असते अशी?

फ्रेमवाला : असं नको बोलूस.

मुलगी : दाखवा. सरळ कसं दिसतं ते दाखवा.

(फ्रेमवाला चित्र उचलतो, फिरवतो आणि भिंतीला टेकवून बाजूला होतो.)

मुलगी : खुंट्या.

फ्रेमवाला : दाराशेजारच्या. डावीकडची जरा वाकलेली, तीही तशीच काढलीय त्याने.

मुलगी : हा करडा बाबांचा. आणि हा माझा. मोहरी रंगाचा. वरचं बटण तुटलेलं होतं, तिथे नुसता दोरा लोंबायचा. तोही आहे.

लेखक : त्याला मी अर्धवट मिटलेला डोळा म्हटलंय. पान एकशे बारा.

मुलगी : वाचलंय मी. आरशात स्वतःचा डोळा तसा दिसतो का बघितलं होतं.

लेखक : मी सातवं प्रकरण काढून टाकतो. मुखपृष्ठही बदलतो. आजच प्रकाशकांना कळवतो.

मुलगी : काढू नका.

लेखक : पण ते खोटं आहे.

मुलगी : म्हणूनच. काढून टाकलंत की तुम्ही कधी चुकलाच नाहीत असं होईल. प्रकरण राहू द्या, आणि शेवटी लिहा की चित्र उलटं होतं, मला शंका आली होती, मी विचारायचा कंटाळा केला. माझं वाक्य मात्र काढा. ते मी बाबांना म्हणाले होते, वाचकांना नाही.

लेखक : लिहितो. पहिल्यांदाच काय लिहायचं ते कळत नाहीये, पण लिहितो.

फ्रेमवाला : कड्या कुणी लावल्या तेही लिहा, सर. कारागिराची चूक असं मोघम नको. माझं नाव घाला, दुकानाचा पत्तासुद्धा घाला.

लेखक : मिस्त्री, त्याची गरज नाही.

फ्रेमवाला : आहे. एकोणीस वर्षं त्याने मागे वळून न बघता माझ्या हातात चित्रं दिली. एकदाच स्वतः सांगायला तो नव्हता, आणि नेमके त्याच वेळी मी हात झटकले.

मुलगी : काका, गाडी उद्या येऊ नये असं त्यांना कळवावं लागेल.

फ्रेमवाला : मी कळवतो. कड्या आत्ता बदलतो, तुझ्यासमोर. आणि या वेळी पाठीला पुठ्ठा लावत नाही. बाण दिसू दे.

मुलगी : हळू ठोका.

फ्रेमवाला : हळूच ठोकतोय. एक बोलू का पोरी? त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तो पडला नव्हता की बुडला नव्हता. येता-जाता तुझा कोट दिसायचा, तो त्याने काढला. रागात माणूस घाईने निघतं, कोट विसरतं. तूही विसरलीस. कुणीही विसरलं असतं.

मुलगी : मी विसरले नव्हते.

फ्रेमवाला : म्हणजे?

मुलगी : बाहेर कडाक्याची थंडी होती, काका. कोट हातात घेतला होता मी. मग पुन्हा खुंटीला अडकवला आणि तशीच निघाले.

लेखक : का?

मुलगी : परत यायला काहीतरी निमित्त हवं होतं. सात आठवडे, बाबा जाईपर्यंत, रोज ठरवत होते, उद्या जाऊन कोट घेऊन येऊ.