आमचं हिरवं पान

त्या वीज वाचवायच्या ॲपचं कौतुक माझ्यापुढे नको हं. आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत तेच आहे. वॉचमन दर महिन्याला सगळ्यांच्या मीटरचे फोटो टाकतो. वीज कमी जाळली तर फ्लॅटपुढे हिरवं पान येतं, जास्त जाळली तर लाल. आणि ते सगळ्यांना दिसतं.

आमचं कायम लाल. हे सगळं बी विंगच्या सावंत काकू सांभाळतात. त्यांनी ग्रुपवर विचारलं, "एसी दिवसभर चालू असतो का?" मी लिहिलं, "बाबांना ऑक्सिजनचं मशीन लावलंय." त्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा, "जरा मनावर घ्या." बाबा ते वाचून म्हणायचे, "थोडा वेळ बंद कर गं. माझ्यापायी तुझं नाव खराब."

बाबा गेले. तेरावं झाल्यावर काकू भेटायला आल्या. फोटोला नमस्कार केला, डोळे पुसले. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, म्हणून गप्पच उठल्या. दाराशी मात्र थांबल्या आणि मोबाईल काढला. "अगं, तुझं पान हिरवं झालं की! बिल्डिंगमध्ये पहिली आलीस. काय केलंस नेमकं? ग्रुपवर टाक ना, बाकीच्यांना उपयोग होईल."

मी म्हटलं, "सोप्पं आहे काकू. घरातलं एक माणूस कमी केलं."

काकूंना चपला सापडेनात. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बरं... येते हं."