तक्ता विसरलो ते बरं झालं

आमच्या चर्चमध्ये माझा आणि पास्टरांचा एकच वाद. मी म्हणतो, आधी मदत करा, कोणी विचारलं तर येशूचं सांगा. ते म्हणतात, विचारायला लोकांना वेळ कुठंय?

तर धायरीला आम्ही फुकट चष्म्यांचं शिबिर घेतलं आणि जवळचं वाचून बघायचा तक्ताच विसरलो. माझ्या खिशात बारीक टाइपातला बायबलचा नवा करार होता. उघडलं ते पान पुढे केलं.

समोर एक निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून वाचायला लागल्या. धाकटा मुलगा सगळं उधळून घरी परततो, बाप जेवणावळ घालतो, थोरला रुसून बाहेर उभा राहतो.

"दिसतंय ना, बाई?"

"दिसतंय. मध्ये बोलू नका."

मागे रांग कुरकुरायला लागली. बाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

"थोरला शेवटी आत गेला की नाही?"

"ते लिहिलेलं नाही."

"अर्धवट गोष्टी छापता आणि वर लोकांना वाचायला देता?"

पास्टर सरसावले. "बाई, याचा अर्थ असा की..."

"अर्थ कळतो मला. जन्मभर मराठी शिकवलंय."

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि नव्या चष्म्यातून नंबर शोधला.

"बाळ्या, ताई बोलतेय. अरे घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आठ वर्षं रुसले, आता पुरे झालं. रविवारी जेवायला ये."

त्या उठल्या. पास्टर माझ्या कानाशी आले.

"पुढच्या शिबिरालाही तक्ता विसर."