गंजलेल्या पाट्यांची ग्यारंटी

बायांनो, मोटारीच्या ग्यारंटीचं कौतुक मला सांगू नका. माझ्या थोरल्यानं, शंकरानं, इंदापूर-बारामती उतारू नेणारी सर्व्हिस मोटार घेतली, तेव्हा कंपनीनं वर्षाची ग्यारंटी लिहून दिली होती. आमच्या घरी मोटार म्हणजे बैलच. मी रोज बजावायची, "दिवसभर राबती ती, कालव्यात घालून धू." तोही चाकं बुडतील इतक्या पाण्यात उभी करून चोळायचा.

सातव्या महिन्यात चाकांवर मोटार तोलणाऱ्या लोखंडी पाट्यांना गंजाचे पोपडे सुटले, एक पाटा तडकला. कंपनीचा माणूस पुण्याहून आला. खाली वाकून म्हणाला, "पाण्यात घालत होतात काय?"

शंकराच्या आधी मीच ताठ मानेनं बोलले, "व्हय, रोज! आमी जनावर घाण ठेवत न्हाय."

"मग आजी, ग्यारंटी संपली. नवे पाटे मिळणार नाहीत. आणि मोटार चालवू नका, पाटा तुटेल."

"धुऊ नका म्हणून कागदावर कुठं लिवलंय? वाचून दाखवा!"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

मोटार उभी ठेवून खायचं काय? शंकर चालवत राहिला. पंधरा दिवसांनी कन्हेरीच्या उतारावर पाटा तुटला, मोटार कलंडली. पोराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो माणूस दवाखान्यात भेटायला आला. हळूच म्हणाला, "आजी, मी सांगितलं होतं."

म्हटलं, "सांगितलंत. पाटे दिले न्हाईत."