तिसऱ्या रविवारचा लेप

(मखमलाबाद, नाशिक. मळ्यातल्या घराचा मागचा ओटा, गुरुवारची दुपार. सखुबाई पाटावर बसून गजरे ओवताहेत. त्यांच्या मागे सून वेदिका, हातात फणी. मुलगा ओम, वेदिकाचा नवरा, मळ्यात फवारणीच्या तयारीत.)

वेदिका : हलू नका, आई. कानाच्या वर गुंता आहे, फणी पुढे जात नाहीये.

सखुबाई : मी कुठं हलती? तू वढती म्हून मान मागं जाती.

वेदिका : वाटीत बघा जरा. एका बाजूचेच एवढे केस तुटलेत.

सखुबाई : तुटायचेच. साठीला टेकली मी. झाडाची पानं गळत्यात, माझं केस गळत्यात.

वेदिका : गळलेला केस मुळापासून येतो. हे मधूनच तुटलेत. मागच्या गुरुवारी याच फणीनं विंचरलं होतं, थेट शेंड्यापर्यंत आली होती. तुम्ही ठमाबाईंना हाक मारून दाखवलंत, "हात लावून बघ, रेशीम झालंय" म्हणून.

सखुबाई : दाखवलं मग! खोटं हाय का? तीस वरसं डोक्यावर फुलांची पाटी वाहिली. चुंबळ घासून घासून टाळूवर केस ऱ्हायला नाय, अन् जो ऱ्हायला त्याला मी पाकिटातली काळी मेंदी फासली. पार काथ्या झालेला. दोन रविवार तुझा लेप लावला अन् केस बोटातनं सुटायला लागलं. ठमी शेजारी बसून फुलं इकती, तिला दिसतंय ना. लगेच म्हनली, मलाबी डबी ठेव.

वेदिका : आणि तिसऱ्या रविवारी परत काथ्या.

सखुबाई : व्हतं आसं कधी कधी.

वेदिका : असं कधी कधी होत नसतं, आई. तेच जवस, तेच दही, त्याच झाडाची जास्वंदीची पानं, तेवढंच खोबरेल. काट्यावर तोलून घेतलंय, वहीत लिहिलंय. तीन दिवस मी तीच वही वाचतेय. दही जास्त आंबलं होतं का? जवस जास्त उकळलं का? आणि धुताना फेस आला होता, आठवतंय? जवसाला फेस कसा येईल? मला काही म्हणजे काही कळत नाहीये.

सखुबाई : माझ्याच डोक्यात खोट आसंल. समद्यांचं डोकं सारखं नसतं.

वेदिका : पहिल्या दोन रविवारी हेच डोकं होतं.

सखुबाई : ...दोरा तुटला बघ. तुझ्या बोलन्यात ध्यान गेलं माझं.

वेदिका : मी ठरवलंय आई, शनिवारचा लेपाचा स्टॉल रद्द. बचत गटाच्या ताईंना संध्याकाळी फोन करते, ओमला सांगितलंय तसं.

सखुबाई : आँ? आगं डब्या आनल्या, ओम्यानं बसून एकेकीवर नाव चिकटवलं. गंगापूर रोडच्या त्या हॉलात जागा मिळंना म्हून तू चार हेलपाटे घातले. आन् आता रद्द?

वेदिका : दुसऱ्यांच्या डोक्याला लावायचंय ते. तुमचं जे झालं ते एखाद्या बाईचं झालं तर? तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. त्या बोलतील, आणि बरोबर बोलतील.

सखुबाई : कुनी बोलत नाय.

वेदिका : अंबडच्या कंपनीत सात वर्षं होते मी. माझ्या सहीशिवाय लॅबमधून माल पुढे जायचा नाही. कंपनी बंद झाली तेव्हा म्हटलं, नोकरी गेली, हातातली विद्या तर नाही गेली. आता वाटतं, ती मशीनं चांगली होती, माझ्यात काही नव्हतं. एक साधा केसांचा लेप मला तीनदा सारखा करता येत नाही!

सखुबाई : आसं अभद्र नको बोलू तिन्हीसांजंला.

वेदिका : दुपार आहे, आई.

सखुबाई : दुपारीबी नको बोलू.

वेदिका : ओमच्या मित्राच्या ऑफिसात बिलं टाइप करायला माणूस हवंय. सोमवारपासून या म्हणालेत. जाते मी. तिथं काही बिघडवायला तरी नाही.

सखुबाई : बिलं? तू? आगं, तुला ते जमनार नाय.

वेदिका : का? मला काहीच जमत नाही म्हणून?

सखुबाई : तसं नाय गं पोरी... तसं नाय. जरा पानी आन मला. नको, ऱ्हाऊ दे. बस इथंच.

ओम : आई, स्टिकर कुठंय? पंप भरून ठेवलाय, शेवंतीवर मारायचंय. खोक्यात सगळी औषधं आहेत, तेवढी एकच बाटली नाही.

सखुबाई : मला काय ठाव? तुझी औषधं तू बघ.

वेदिका : कुठली रे? लहान, निळ्या टोपणाची?

ओम : हां, तीच.

वेदिका : ती न्हाणीत आहे, शिकेकाईच्या डब्यामागं. मला वाटलं तूच हात धुताना विसरलास.

ओम : फवारणीची बाटली मी न्हाणीत कशाला नेईन? आई?

सखुबाई : तू जा बरं. वारा सुटला की फवारनी व्हायची नाय.

वेदिका : थांब ओम. स्टिकर म्हणजे नक्की काय असतं?

ओम : अगं, पान गुळगुळीत असतं ना, त्यावरून औषध ओघळून जातं. ते ओघळू नये, पसरून चिकटून राहावं म्हणून पंपात टाकायचं. साबणाच्याच जातीचं. हातावर सांडलं तर चामडी दिवसभर कोरडी ठणठणीत पडते.

वेदिका : फेस येतो त्याला?

ओम : येतो की. जास्त झालं तर पंपाच्या तोंडातून बाहेर येतो.

वेदिका : आई.

सखुबाई : हूं.

वेदिका : गजरा खाली ठेवा.

सखुबाई : दोन टोपनं टाकली फकस्त.

ओम : आई! अख्ख्या पंपाला मी एक टोपण टाकतो! पंधरा लिटरला!

सखुबाई : वरडू नको. शेजारी ऐकू जाईल.

वेदिका : डोळ्यांत गेलं होतं का? इकडे बघा. टाळूची आग होतेय? खरं सांगा, माझ्याकडे बघून.

सखुबाई : डोळ्यात नाय गेलं. रविवारी जरा चुनचुनलं. खोबरेल चोळलं, थांबलं.

वेदिका : वाकवा डोकं. अजून लाल आहे इथं. म्हणूनच सगळं तेल धुऊन गेलं केसांचं! आज कोमट पाण्यानं दोनदा धुवायचं, दुसरं काही लावायचं नाही. उद्या डॉक्टरांना दाखवू. पण आई, का? का टाकलंत?

सखुबाई : वघळत व्हतं गं.

वेदिका : काय?

सखुबाई : तुझा लेप. डोक्यावरनं मानंवर, मानंवरनं पोलक्यात. तू म्हनायची पाऊन तास बसा. आता पाऊन तास मी काय हात जोडून बसू? गजरे ओवत बसायची. दुसऱ्या रविवारी एक थेंब माळंवर पडला. देवाला जानारी माळ ती. समदी टाकून द्यावी लागली.

वेदिका : मला सांगायचं ना मग!

सखुबाई : काय सांगू? तू गॅसपाशी उभी ऱ्हाऊन जवस ढवळती. गरम गरम फडक्यातनं पिळती, गार झालं की गळत नाय म्हून. बोटं लाल व्हत्यात तुझी. माझ्या सासूनं कधी माझ्या डोक्याला तेलाचं बोट लावलं नाय. आई गेली तवापासून कुनीच नाय लावलं. अन् सून हात पोळून लेप करती. तिला काय म्हनू, वघळतं म्हून?

ओम : मग तूच डोकं चालवलंस.

सखुबाई : मग! पानावर टिकतं तर केसावर का नाय टिकनार? ही फोनवर बोलाया गेली, तेवढ्यात वाटीत टाकलं. आन् टिकलं बरं का. एक थेंब खाली आला नाय.

ओम : करायला गेली गणपती अन् झाला मारुती.

सखुबाई : तू तुझ्या शेवंतीकडं जा रं.

ओम : हे सोडून? मुळीच नाही.

वेदिका : तीन दिवस, आई. सोमवारपासून मी ती वही घेऊन तुमच्यासमोर बसलेय. स्वतःला काय काय बोलले. तुम्ही इथंच गजरे ओवत होतात. एकदा तोंड उघडलं असतंत.

सखुबाई : भ्याले.

वेदिका : मला?

सखुबाई : तुला नाय. पयल्या दिवशी म्हनलं, धुतलं की उतरंल. दुसऱ्या दिवशी तू वही काढली. मग सांगायला आली की भलतंच कायतरी बोलून जायची. स्टॉलवर माझंच डोकं दाखवनार व्हतीस ना तू? हातच्या कांकनाला आरसा कशाला, म्हनलीस. मी म्हनलं, पदर नाय काढनार, टाळू नाय दाखवनार, वेनीचा शेंडा तेवढा बाहेर काढीन. पन शेंडा आसा पायजे का बायका बघत ऱ्हायल्या पायजे. लेप चांगला मुरला तर आजून चकाकंल, सुनेचं नाव व्हईल, आसं आलं मनात. आन् मीच माती केली. तू तुझ्या हाताला बोल लावायची ते ऐकवत नव्हतं, अन् खरं सांगवतबी नव्हतं. चुकलं माझं.

वेदिका : मला खूप राग आलाय.

सखुबाई : यायलाच पायजे.

वेदिका : आणि हसू पण येतंय. फवारणीचं औषध! डोक्याला!

ओम : बरं झालं, पंपच नाही घेतला पाठीवर.

सखुबाई : हसा. दोघंबी हसा.

ओम : म्हणजे लेप चांगलाच होता. मी आधीपासून म्हणत होतो.

वेदिका : तू काहीही म्हणत नव्हतास. आणि लेप चांगला नव्हता.

सखुबाई : आता काय झालं?

वेदिका : ओघळत होता ना! वहीत मी सगळं लिहिलं. जवस किती, दही किती, किती मिनिटं. तुम्हाला पाऊण तास बसवून आत निघून जायचे. एकदा शेजारी बसून बघितलं असतं तर कळलं असतं. प्रत्येक बाईच्या मानेवर ओघळला असता, आणि तिनंही तुमच्यासारखंच सांगितलं नसतं, नुसती पुन्हा डबी घेतली नसती. घट्ट करायला पाहिजे. पण जवस आणखी आटवलं की गाळता येत नाही.

सखुबाई : तांदळाची पेज घाल की. साडीला खळ करतो तशी. अंगाला धरून ऱ्हाती ती.

वेदिका : पेज... हो. चालेल. केसांना वाईट पण नाही. किती घालू?

सखुबाई : अंदाजानं.

वेदिका : अंदाज नाही आता, आई. टोपणांचा अंदाज पाहिला मी. तुम्ही तुमच्या हातानं वाटीत घाला, मी काट्यावर तोलते, मग वहीत लिहू.

सखुबाई : तोल बाई, तोल. माझं मन बी तोल एकदा त्या काट्यावर.

ओम : मग ताईंना फोन नाही ना करायचा?

वेदिका : पेजेचा लेप आज करू. आधी माझ्या डोक्याला, नंतर तुझ्या.

ओम : माझ्या? माझे केस काय वाईट आहेत?

सखुबाई : बस गपचिप. आईनं तुझ्यासाठी कमी सोसलं नाय.

वेदिका : फ्रिजमध्ये दोनच दिवस टिकतो, तर विक्रीचा उद्या संध्याकाळी ताजा करायचा. ते जमेल. पण दाखवणार काय? तुमचे केस दोन दिवसांत सुधारणार नाहीत, आई. नुसत्या डब्या मांडून कोण विश्वास ठेवेल?

सखुबाई : माझं डोकं हाय की.

वेदिका : हे? असं?

सखुबाई : आसंच. मी बसते स्टॉलवर. इचारलं कुनी तर सांगीन, दोन रविवार सुनंचं ऐकलं तवा रेशीम झालं व्हतं, तिसऱ्या रविवारी आपलं शानपन चालवलं, त्याचं हे. ठमीला घेऊन जाऊ, ती साक्षीला.

ओम : आई, बायका हसतील.

सखुबाई : हसू दे. हसलेली बाई जवळ येती. तीस वरसं फुलं इकली मी. "ही कळी कालची हाय, ती नको घेऊ" आसं आपन व्हऊन सांगितलं ना, का मग गिऱ्हाईक ताजी कळी डोळे मिटून घेतं.

वेदिका : ओम, तुझ्या मित्राला सांग, सोमवारी येत नाही म्हणून.

ओम : आत्ताच सांगतो. फवारणी करता करता.

सखुबाई : ती बाटली घेऊन जा न्हानीतली. माझ्या नजरंसमोर नको.

वेदिका : वळा, आई. दुसरी बाजू राहिलीय. हळूच करते.

सखुबाई : कर. दुखत नाय.

वेदिका : पण आई, पदर? डोक्यावर पदर असला तर कुणाला काय दिसणार? तुम्ही म्हणाला होतात, टाळू कुणाला दाखवणार नाही. नसेल दाखवायची तर नको. खरंच नको. तुम्ही नुसत्या शेजारी बसलात तरी मला पुरे.

सखुबाई : म्हनले व्हते खरं.

वेदिका : मग?

सखुबाई : शनिवारी पिन घे आठवनीनं. पदर इथं खांद्याला लाव, चांगला घट. हाताला सवय हाय, न कळत वर घेतो.