वेदरलींच्या बायबलाची मागची पानं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष शोभनाताई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विशेष पाहुण्या मिसेस ओडेसा ग्रँडी, आजची सत्कारमूर्ती आसावरी, तिचे यजमान ऋषी, कन्या रुही, आणि मागून बटाटेवड्यांचा वास येत असूनही अजून खुर्च्या न सोडलेल्या माझ्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळातल्या बंधुभगिनींनो, सर्वांना संजीव खांबेट्यांचा सविनय नमस्कार.

अतुलने माझी ओळख करून देताना 'आसावरीचे गुरू' असं म्हटलं. अतुल, तू सूत्रसंचालन फार सुरेख करतोस, पण तेवढा शब्द मागे घे. शोभनाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. शनिवारी आसावरीचं बिऱ्हाड व्हर्जिनियात हर्नडनला हलतंय, आणि मला जे सांगायचंय ते ती समोर असताना सांगायला हवं. सांगून झाल्यावर येत्या गणपतीत माझ्या हातात आरतीचं तबक द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. गेली अडीच वर्षं मी या मुलीवर जळतोय, आणि त्या जळण्यापायी माझ्या हातून एक वाईट काम झालंय.

हसताय? हसा, हसा. सुरुवातीला हसण्यासारखंच आहे.

औषध कंपनीतल्या आकडेमोडीतून मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या घरातून स्पष्ट सूचना आली, की दुपारी दोन ते पाच तुम्ही घरात दिसता कामा नये. मी काउंटीच्या ग्रंथालयात जाऊ लागलो. तिथे स्थानिक इतिहासाची एक खोली आहे, आणि त्या खोलीत वेदरली घराण्याच्या कागदांची सव्वीस खोकी आहेत. हे वेदरली म्हणजे इथून दीड तासावरचे तंबाखूचे मोठे जमीनदार. पांढऱ्या खांबांचं त्यांचं घर तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय. आपल्या मंडळाच्या सिद्धेशच्या मुलीचं लग्न तिथेच लागलं. मला त्या घराण्याचं वेड लागलं. का लागलं? तरुणपणी मी माझ्या काकांबरोबर खांबेटे कुलवृत्तांताचं काम केलं होतं. गावोगाव पत्रं टाकायची, कोणाला मुलगे किती, कोण दत्तक गेला, सगळं टिपायचं. मुलीच्या नावापुढे कुठे दिली ते गाव लिहायचं, की तिचा विषय संपला. ही पद्धत माझ्या हाडीमासी भिनलेली. ती मी इथे वापरली, आणि अकरा वर्षं खपून वेदरलींच्या सात पिढ्यांचा वृक्ष काढला. तो उलगडला की आमचं जेवणाचं टेबल भरून खाली लोंबायचा. ग्रंथालयातले लोक मला 'मिस्टर वेदरली' म्हणायचे. मला ते आवडायचं.

गुलामगिरीच्या काळात त्या घराण्याच्या मालकीची एकशे बारा माणसं होती. मालकीची, हा शब्द मी आज मुद्दाम वापरतो, कारण अकरा वर्षांत एकदाही वापरला नाही. माझ्या टिपणांत मी 'मनुष्यबळ' असं लिहीत होतो.

मग आसावरी आली. तिची नोकरी गेली होती, नवीन मिळेपर्यंत काहीतरी करावं म्हणून आली. माझा वृक्ष बघून म्हणाली, "काका, हे सगळं तुम्ही एकट्याने केलं? वॉव यार!" मी खूश. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पण काका, हे घर ज्यांनी बांधलं ते लोक यात कुठे आहेत?" मी म्हटलं, त्यांची आडनावं नाहीत, तारखा नाहीत, त्यांचं काही लागत नाही. ती म्हणाली, "मग मी ते ट्राय करू?" मी मोठ्या मनाने म्हटलं, कर. मनातल्या मनात म्हटलं, पंधरा दिवसांत दमेल.

ती काही दमली नाही. आणि मंडळी, माझं पोट तिथपासून दुखायला लागलं. ग्रंथपालबाई मला अकरा वर्षं 'सर' म्हणत होत्या, हिला दोन महिन्यांत 'आसा' म्हणायला लागल्या. वेदरलींच्या इथे उरलेल्या शेवटच्या वंशज मिस लुईझा, वय वर्षं एक्याण्णव. त्यांनी मला इतक्या वर्षांत गोड चहाच्या पलीकडे काही विचारलं नाही. हिला त्यांनी पेकन पाय या घरच्या गोड पदार्थाची कृती स्वतःच्या हाताने लिहून दिली. पेपरात बातमी आली. फोटोत आसावरी आहे, खोकी आहेत, आणि डाव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर माझं. मी तो पेपर चार दिवस घरात लपवून ठेवला, आणि मग स्वतःच बायकोला दाखवून म्हटलं, "हे बघ, कोपर."

हेही मी सहन केलं असतं. पण मग हार्ग्रोव्ह वेदरलीचं प्रकरण झालं.

आपल्याकडे मधलं नाव बापाचं. यात शंका घ्यायचं कोणाच्या डोक्यात येतं का? कागदात 'विल्यम हार्ग्रोव्ह वेदरली' दिसला, तेव्हा मी विल्यमच्या वर त्याचा बाप म्हणून हार्ग्रोव्ह बसवला. त्याला साधारण जन्मसाल दिलं. एक बायको कमी पडत होती, ती शोधून जोडली. सनावळीत बसेना म्हणून त्याला अठराशे बेचाळीसच्या आसपास वारलेला दाखवला. याच हार्ग्रोव्हवर मी दोन व्याख्यानं दिली, त्यातलं एक याच सभागृहात. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आसावरीने मला ग्रंथालयाच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं. आत चार लोक होते, त्यांच्यासमोर बोलली नाही. म्हणाली, "काका, डोन्ट माइंड हं. मला हार्ग्रोव्ह कुठेच मिळत नाहीये. इथे साउथमध्ये मुलाचं मधलं नाव खूपदा आईचं माहेरचं आडनाव असतं. विल्यमची आई हार्ग्रोव्ह घराण्यातली होती." अहो, हार्ग्रोव्ह वेदरली नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता! त्याला मी जन्माला घातलं, त्याचं लग्न लावलं आणि मीच त्याचे दिवस घातले. वृक्षाची एक अख्खी फांदी पडली. आणि ही मुलगी म्हणते, "मी कोणाला सांगितलं नाहीये. तुम्हीच करेक्ट करा ना."

तिने मला चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर मी भांडलो असतो, आठ दिवस रुसलो असतो, आणि विषय मिटला असता. पण तिने माझी अब्रू सांभाळली. ते मला सोसलं नाही. माझ्याहून हुशार, माझ्याहून लहान, आणि वर माझ्याहून मोठ्या मनाची? इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. घरी येऊन मी तिच्या वाटणीची चकली खाल्ली. बायकोने तिला द्यायला म्हणून बांधून ठेवली होती, अख्खी पिशवी.

आता हसण्याचा भाग संपला.

मिस लुईझांच्या घरी घराण्याचं एक जाडजूड बायबल होतं. पुढच्या पानांवर वेदरलींचे जन्म, लग्नं, मृत्यू. मी पूर्वी त्या बायबलाच्या सगळ्या पानांचे फोटो काढले होते, मी कोरीच धरलेल्या शेवटच्या पानांसकट, भराभर, न वाचता. पुढे ते बायबल टेक्सासला त्यांच्या भाच्याकडे गेलं, तिथे घरात पुराचं पाणी शिरलं आणि त्याचा लगदा झाला. उरले ते फक्त माझे फोटो. मी पुढची पानं वापरली होती. मागच्या पानांचे फोटो कधी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आसावरीने मला विचारलं, "काका, त्या बायबलच्या मागच्या पानांवर काही होतं का? कधीकधी तिथे गुलामांचे जन्म लिहिलेले असतात." मी म्हटलं, बघतो. घरी जाऊन फाइल उघडली. पानं कोरी नव्हती. वेगळ्या अक्षरात एक्केचाळीस ओळी होत्या. मुलाचं नाव, आईचं नाव, महिना, साल. बापाचं नाव कुठेच नाही. अक्षर स्वच्छ. वाचायला मला चार मिनिटं लागली. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: हॅना, पेशन्सची, मार्च अठराशे एक्कावन्न.

ही हॅना म्हणजे आपल्या मिसेस ग्रँडींची पणजी. मिसेस ग्रँडी आणि त्यांच्या थोरल्या बहीण मिस विल्मा, दोघी चाळीस वर्षं एकच गोष्ट शोधत होत्या, हॅनाच्या आईचं नाव. त्यांच्या घरात दर ख्रिसमसला जेवणाआधी पूर्वजांची नावं मोठ्याने घेतात. यादी हॅनापर्यंत जायची आणि तिथे थांबायची. आसावरीने मला हे अनेकदा सांगितलं होतं. त्यामुळे ती ओळ म्हणजे काय, हे मला वाचता क्षणीच कळलं. अजाणता झालं, असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आसावरीला सांगितलं, "फोटो अगदी धूसर आलेत गं. काही लागत नाही."

का सांगितलं? मी ते स्वतः जाहीर करणार होतो. दिवाळीच्या कार्यक्रमात, व्याख्यान ठेवून. एकदा तरी फोटोत कोपराच्या वर काहीतरी यावं, एवढंच. मग दिवाळीला हॉल मिळाला नाही. मी म्हटलं, संक्रांतीला बघू.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, आसावरी मला मिस विल्मांकडे घेऊन गेली. त्या तेव्हा नर्सिंग होममध्ये होत्या, वय सत्त्याण्णव. दिसत कमी होतं, पण बोलणं ठणठणीत. आसावरीने ओळख करून दिली, "हे संजीवकाका. ती पानं यांच्याकडेच आहेत, हेच ती वाचायचा प्रयत्न करतायत." त्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी डोळे फोडणारे ते तुम्हीच. देव तुमचं भलं करो." मग विचारलं, "मिळालं का हो नाव?" मी म्हटलं, "प्रयत्न चालू आहे, मिस विल्मा." माझा लॅपटॉप बाहेर गाडीत, मागच्या सीटवर होता. जाऊन आणायला दोन मिनिटं लागली असती.

अकरा जानेवारीला मिस विल्मा गेल्या.

त्यानंतर माझी हिंमत होईना. एप्रिलपर्यंत मी गप्प बसलो. मग आसावरीला फोन करून सांगितलं, की एका नव्या सॉफ्टवेअरने फोटो साफ करता आले. ती फोनवर रडली. म्हणाली, "काका, यू आर अ जीनियस." या कामावरचं तिचं पुस्तक आता आलं, त्याच्या प्रस्तावनेत पहिलं नाव माझं आहे. 'संजीवकाकांच्या चिकाटीमुळेच ही पानं बोलू लागली.' आत्ता माझ्या आधी बोललेल्या तिन्ही वक्त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. तिन्ही वेळा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि मी मान झुकवून त्या घेतल्या.

असं कोणतं सॉफ्टवेअर नव्हतं. ते फोटो पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते.

आसावरी, तू खाली बघू नकोस. खाली बघण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. त्या एक्केचाळीस ओळींतून तू एकोणीस कुटुंबं शोधलीस. माझ्याकडे त्या इतकी वर्षं पडून होत्या आणि मला शून्य सापडलं, कारण मी आईच्या नावाने कधी काही शोधलंच नव्हतं. तुझं काम माझ्यापेक्षा मोठं आहे. हे वाक्य बोलायला मला अडीच वर्षं लागली, यावरून काय ते ओळख.

मिसेस ग्रँडींना हे सगळं समजावं म्हणून रुही त्यांच्या शेजारी बसून कानात इंग्रजीत सांगते आहे. पण मला इथून दिसतंय, फोटो स्वच्छ होते असं मी म्हटल्यापासून तिचे ओठ हललेले नाहीत. रुही, बाळ, काय झालं?

"काका, आर यू शुअर? डू यू वॉन्ट मी टू टेल हर दॅट?"

हो, शुअर. तुझ्याच शब्दांत सांग, पण गाळू नकोस आणि मऊ करू नकोस. पेशन्स हे नाव या माणसाकडे ऑगस्टपासून होतं, आणि तुमच्या बहिणीने विचारलं तेव्हा हा खोटं बोलला. एवढं पूर्ण सांग. आम्ही थांबतो. शोभनाताई, वेळ झाली हे मला माहीत आहे, पण तिचं सांगून होऊ द्या.

मंडळाने मला इथे उभं केलं त्याबद्दल मी मंडळाचा, अध्यक्षांचा, स्वयंपाकघरातल्या सगळ्या भगिनींचा आणि तुम्हा श्रोत्यांचा आभारी आहे. आसावरी, पुढच्या आवृत्तीत प्रस्तावनेतून माझं नाव काढ, आणि पानं कधी सापडली आणि कधी दिली, त्या दोन्ही तारखा छाप. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला गेला असेल, तर ते आपण पोटात घालावं. त्यापलीकडचं मात्र कोणी पोटात घालू नये, ते तुमच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात होतं, त्या आपल्या पणजीच्या आईचं नाव न कळताच गेल्या.

रुहीचं सांगून झालंय. मिसेस ग्रँडी माझ्याकडे बघतायत. टाळ्या नकोत, कृपा करून कोणी वाजवू नका. त्यांना काही बोलायचं असेल तर माईक त्यांच्याकडे द्या, मी इथेच उभा आहे.